गाडी शिकून राहिली

"हा कर," नत्थूलालजी म्हणाले.

गुणवंताने वाकून तोंड उघडले आणि श्वास सोडला. खुर्चीत बसलेल्या मालकांनी नाक पुढे करून वास घेतला, मान हलवली आणि बंडीच्या खिशातून ट्रकची चावी काढली. कामठ्याच्या राइस मिलमध्ये रोज सकाळी हे असेच व्हायचे. गुणवंताची दारू सुटून दोन पावसाळे झाले होते. पण त्याआधी एकदा त्याने भरलेला ट्रक सौंदडजवळ रस्ता सोडून उभ्या धानाच्या बांधीत घातला होता, आणि ते कुणी विसरले नव्हते. तेव्हापासून चावी रात्री मालकांच्या घरी राही आणि सकाळी तोंड उघडल्यावर मिळे. गुणवंताने त्यापायी बडीशेपसुद्धा सोडली. एका वासाने दुसरा झाकला, असे म्हणायला कुणाला जागाच ठेवायची नाही, हे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

त्या दिवशी मात्र चावी हातात देता देता नत्थूलालजी थांबले. आज दरेकसाहून धानाने भरलेले कट्टे, सगळी पोती, नीट आली तर ठीक, नाहीतर उद्यापासून ट्रक कैलाश चालवेल आणि गुणवंताने काट्यावर बसून वजने पाहावीत, असे त्यांनी सांगितले. रागाने नाही. ठरलेली गोष्ट सांगावी तसे सांगितले.

कैलाश त्यांचा पुतण्या. तो मागेच उभा होता. गेल्या खेपेला दरेकसाच्या चढावर ट्रक मेला तेव्हा तोच गुणवंताच्या शेजारी बसला होता. अर्धा माल रस्त्यावर उतरवून, दुसरी गाडी बोलावून मिलमध्ये आणावा लागला, आणि गुणवंताच्या पायात आता दम राहिला नाही, हे त्याने गावभर केले. गुणवंताने तेव्हाही सांगितले होते की दोष पायाचा नाही. इंजिनाला हवा देणारा रबरी पाइप चिरला होता, तो त्यानेच शोधून बदलून घेतला होता. तरी गाडी ओढत नव्हती. म्हणजे अजून काहीतरी होते. ते काय, हे कळल्याशिवाय काट्यावर बसायचे नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. एकदा काट्यावर बसला की सगळे म्हणणार, दारूने गेला, आणि ते मग कधीच पुसले जाणार नाही.

म्हणून त्याने मालकांच्या मागे लागून गोंदियाहून हिमांशूला बोलावले होते. हिमांशू गाड्यांच्या कॉम्प्युटरचेच काम करायचा. त्या सकाळी आल्या आल्या त्याने स्टिअरिंगखाली वायर खोचली आणि मांडीवरच्या स्क्रीनकडे बराच वेळ पाहत राहिला. मग हसला.

"काका, पाइप फाटला होता ना, तेव्हा इंजिनला हवा कमी मिळायची. म्हणून हा कॉम्प्युटर डिझेलपण कमी द्यायला शिकला. अब पाइप नया है, लेकिन इसको किसीने बताया नहीं."

"मंग आपल्या मनानं नाही समजत का त्याले?"

"समजतो. पण त्यासाठी गाडीला कधीतरी जोर लावावा लागतो. तुम्ही चालवता कशी?"

गुणवंताने पेडलकडे पाहिले. तो कशी चालवायचा, हे त्याला माहीत होते. बांधीत गाडी घातल्यापासून पेडलवर त्याचा पाय असा पडायचा, जणू खाली कुणी झोपले आहे. कुणाला बोट दाखवायला जागा नको, म्हणून. गाडी जुन्या दुखण्याच्या हिशेबाने चालत होती आणि तो तिला तशीच चालू देत होता.

हिमांशूने शिकलेले सगळे पुसून टाकले. पुढचे काम सोपे होते, पण चुकवायचे नव्हते. इंजिन सुरू करायचे आणि गरमीचा काटा मध्यावर येईपर्यंत कुणीही पेडलला पाय लावायचा नाही. रिकामे, बिनओझ्याचे चालणे म्हणजे काय, हे गाडी आधी शिकणार, आणि पुढचे सगळे त्यावर बसणार. मध्येच कुणी रेस दिली तर ती चुकीचे धरून बसेल आणि सगळे पुन्हा करावे लागेल. एवढे सांगून तो हात धुवायला पंपाकडे गेला.

गुणवंताने चावी फिरवली.

इंजिन लागले, पण धड नाही. आवाज चढला, खाली आला, इतका खाली की केबिन थरथरली, आणि पुन्हा चढला. आता बंद पडणार, असे वाटून त्याचा उजवा पाय आपोआप पुढे गेला. इतक्या वर्षांची सवय होती ती. त्याने पाय मागे ओढला. पुन्हा आवाज पडला, पुन्हा पाय गेला. तेव्हा त्याने चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसला.

ही थरथर त्याच्या ओळखीची होती. दारू सोडल्यावर पहिल्या आठवड्यात त्याचे हात असेच व्हायचे. ताटातला भात तोंडापर्यंत पोचत नसे. आधाराला घोटभर घे, एकदम सोडू नये, असे सांगणारे रोज कुणीतरी दारात यायचे. बायको शकुंतलाबाई त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवायची आणि मग आत येऊन त्याला भरवायची. आधार दिला असता तर थरथर राहिली असती. नाही दिला, म्हणून ती गेली.

तेवढ्यात नत्थूलालजी आले. हातात नारळ आणि निंबू. मिलमधली कुठलीही गाडी दुरुस्त झाली की पुढच्या चाकाखाली निंबू ठेवायचे, मालकाने स्वतः बसून तीनदा जोरात रेस द्यायची, धूर निघाला की इडापीडा गेली असे समजायचे आणि निंबू चिरडत गाडी बाहेर काढायची. त्यांच्या वडिलांनी पहिला ट्रॅक्टर आणला तेव्हापासून हे चालत आले होते. निंबू ठेवून ते केबिनच्या दाराशी आले.

"उतर गा."

गुणवंताने दार आतून धरले.

"आता नाही, मालक. पाय नोका लावू. गाडी शिकून राहिली."

"काय करून राहिली?"

"शिकून राहिली जी. काटा मधात आला का मंग तुमी बसजा."

कैलाश मोठ्याने हसला. "पाहा काकाजी, दारू सुटली, पन नशा नाही सुटली. मांडी घालून बसला पाहा, जसा भागवत सांगून राहिला."

गेटजवळचे हमाल हसले. नत्थूलालजी हसले नाहीत. मिलमध्ये त्यांना कुणी दार धरून थांबवल्याचे कुणाला आठवत नव्हते. दोन वर्षे रोज सकाळी जे तोंड त्यांच्यासमोर उघडत होते, तेच आता नाही म्हणत होते.

"बापाच्या वेळपासून मी रेस देतो," ते म्हणाले. "तू मले अडवते?"

"अडवत नाही जी. थोडं थांबा म्हणतो." इंजिन पुन्हा खाली आले. गुणवंताचा आवाज तसाच राहिला. "निंबू काही सुकत नाही."

नत्थूलालजींनी त्याच्याकडे पाहिले. मग त्याच्या वर घेतलेल्या अनवाणी पायांकडे पाहिले. ते नारळ घेऊन सावलीत जाऊन उभे राहिले. कैलाश काही बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानेच गप्प केले.

हळूहळू आवाजाचे चढउतार लहान होत गेले. एका क्षणी, नेमके केव्हा ते कुणाला सांगता आले नसते, केबिनची थरथर थांबली. हिमांशू ओले हात झटकत आला, कान देऊन उभा राहिला आणि त्याने अंगठा वर केला. गुणवंता खाली उतरला आणि मालकांसाठी दार उघडे धरून उभा राहिला. नत्थूलालजींनी तीनदा रेस दिली. पूर्वीसारखा काळा धूर निघालाच नाही. ते जरा हिरमुसले.

दरेकसाहून परतताना ट्रक गच्च भरलेला होता आणि शेजारी कैलाश होता. चढ सुरू होताच गुणवंताने पेडल दाबले. पहिल्यांदा जुन्याच मापाने, आणि मग त्याला हिमांशूचा प्रश्न आठवला. त्याने पाय पूर्ण खाली नेला. खाली कुणी झोपलेले नव्हते. इंजिनाने दम धरला आणि गाडी तिसऱ्या गिअरात निघाली. मागच्या वेळी कट्टे उतरवले होते ते वळण आले आणि गेले.

वरच्या सपाटीवर कैलाशने काकाजींना फोन लावला. "निघाली," एवढेच म्हणाला आणि ठेवून दिला. मग खिशातली सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी काढून, घोटून, गुणवंतासमोर धरली.

"घे गा, भाऊ."

"नाही बापा. सकाळी वास येते."

कैलाशचा हात तसाच राहिला. त्याने पन्नीला गाठ मारली. स्वतःही खाल्ला नाही. कामठा येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंता नेहमीसारखा खुर्चीसमोर गेला, वाकला आणि तोंड उघडून त्याने श्वास सोडला.

नत्थूलालजी "हा कर" म्हणाले नव्हते. चावी हातात घेऊनच ते बसले होते. त्यांनी मान वळवली आणि अंगणात सुकणाऱ्या धानाकडे पाहू लागले.

"जा," ते म्हणाले. "उशीर होऊन राहिला."

गुणवंताने तोंड मिटले. चावी घेऊन तो केबिनमध्ये चढला तरी तोंड अजून उघडेच आहे, असे गालांना वाटत होते.

त्याच्या पुढच्या दिवशी तो गेटमधून आत आला तेव्हा मिलच्या ओट्यापर्यंतचे अंतर त्याला फार वाटले. खुर्ची जवळ आली तशी कंबर आपोआप वाकू लागली. तो थांबला, दात दातांवर धरले आणि पाठ सरळ केली. मग हात पुढे करून उभा राहिला, चावी येईपर्यंत.