काचेवर टांगलेला ताईत

गळ्यातली जिवापाड जपलेली वस्तू तुम्ही बिनधास्त कुणाच्या हाती ठेवाल? बायकोच्या? मेहुण्याच्या? सावकाश सांगा, घाई मला नाही. माझ्या दाराबाहेर बसलेल्यांना आहे. मी एमआरआय यंत्र बोलतोय. दक्षिण थायलंडातल्या एका जिल्हा इस्पितळात राहतो.

मी आलो तेव्हा भिक्खूंनी पाणी शिंपडलं, मोठ्या साहेबांनी फीत कापली. तेव्हापासून काम असो वा नसो, मी वीज खातोच. पोटातलं चुंबक थंड ठेवावं लागतं. म्हणून रिकामा पडलो की मला माझीच लाज वाटते. आणि रिकामा पडतो तो बहुतेक वेळा माणसांच्या संशयापायी.

बुनलोमचंच बघा. बाजारात ताईत विकणारा म्हातारा. डोक्यात गाठ असावी अशी डॉक्टरांना शंका. त्या दिवशी फोटो निघाला नाही तर पुढचा नंबर थेट पावसाळ्यानंतर. आणि हा गळ्यातला बुद्धाचा ताईत मुठीत आवळून दारातच अडून बसलेला.

"काका, साखळी पोलादी आहे. यंत्र खेचून घेईल," तंत्रज्ञ रत्चनी म्हणाली.

"म्हणजे यंत्रही चोरच!"

"माझ्याकडे द्या की," बायको साइयुत म्हणाली.

"आणि तुझा भाऊ बाहेर कशाला बसलाय?"

"अहो, जन्मभर खोटे ताईत खपवलेत, म्हणून तुम्हाला सगळं जग अदलाबदल करणारं दिसतं!"

बाहेरचे लोक दार ठोठावू लागले. मी नुसताच घरघरत होतो. शेवटी रत्चनीने ताईत त्याच्या डोळ्यांदेखत, माझी ओढ पोहोचत नाही अशा पलीकडच्या आपल्या खोलीत, मधल्या काचेवर, सगळ्यांच्या डोक्यांहून उंच टांगला. माझ्या आत झोपलेल्याच्या डोळ्यांवर एक छोटा आरसा असतो; त्यात ती काच दिसते.

"बघत राहा, काका. मान हलवलीत की दिसेनासा होईल."

म्हातारा दगडासारखा पडून राहिला! एरवी लोक चुळबुळतात आणि तेच फोटो पुन्हा काढावे लागतात. याचे पहिल्याच खेपेला स्वच्छ आले. बाहेर येताच त्याने ताईत नखाने खरवडून पाहिला, मगच गळ्यात घातला. गाठ होती. वेळेवर निघाली. टाके दाखवायला तो स्वतः चालत आला.

आता काचेवर कायमचा हूक बसलाय आणि रांग भराभर सरकते. पण त्या दिवशी दारात वाया गेलेल्या वेळेपुढे साहेबांनी नोंदवहीत "यंत्र बंद पडले" असं लिहिलंय, रत्चनीच हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. अशा नोंदी साठल्या की उद्या मला भंगारात काढून नवं यंत्र आणतील, आणि त्याच्याही दारात कुणीतरी मूठ आवळून बसेलच.

म्हणून हात जोडतो, मंडळी. मला हात नाहीत, तरी जोडतो. माझ्या वेळेचा हिशेब खरा लिहा. भांडणात गेलेला वेळ भांडणाच्या नावावर टाका, माझ्या नाही.