दिनानाथकाकांचे तीन शब्द

मी एक जुना कीबोर्ड आहे मित्रांनो, आणि आगाशीच्या बाजारात माझ्याइतक्या टपल्या दुसऱ्या कुणी खाल्ल्या नसतील!

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. ते मला आठवत नाही. आठवतात ते मला खोक्यातून बाहेर काढणारे दिनानाथकाकांचे हात. मुंबईतली नोकरी सुटल्यावर काकांनी एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे थाटला होता. त्यांची बायको लतिकाकाकू रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसायची.

तेव्हा फोन फक्त बोलण्यापुरते होते. काही शोधायचं झालं की लोक काकांकडे येत. पण काय शोधायचं ते नीट सांगतील तर शपथ! हंसामावशी वाडीतल्या केळींचं विचारायला आल्या, की सुरुवात नणंदेच्या लग्नापासून करायच्या. काका मध्ये बोलत नसत. सगळं ऐकून घेत आणि माझ्यावर मोजून तीन शब्द टाइप करत, 'केळी पाने डाग'.

"मशिनला गोष्ट कळत नाही हो, हंसाताई. त्याला तीन शब्द पुरे," असं ते हसून म्हणत.

दहावीच्या निकालाला तर रांग रस्त्यापर्यंत जाई आणि पेढ्याचे कण माझ्या फटींत सांडत. गोष्ट काकांना आणि तीन शब्द मला, अशी आमची वाटणी होती. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आले. सुरुवातीला लोक त्यातही काकांसारखे दोन-तीन शब्दच लिहीत. नंतर तोंडाने विचारू लागले, आणि आता तर अख्खी कहाणीच सांगतात. कॅफेतले बाकीचे कॉम्प्युटर भंगारात गेले. उरलो झेरॉक्सचं मशिन, एक कॉम्प्युटर आणि मी. पुढे लतिकाकाकूही वारल्या. तेव्हापासून मला कुणी पुसलेलं नाही. मला फार एकटं वाटतं.

परवा दुपारी हंसामावशी आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. मशिन गरम होईपर्यंत त्या फोनशी बोलू लागल्या, "अरे बाबा, आमच्या यांनी लावलेली राजेळी केळ हाय. ते गेले, आता मी एकलीच पानी घालते. पानं पिवळी पडलीत रे. यंदा केळी वाळवून सुकेळी करायची होती. काय करू सांग."

काकांनी सवयीने हातातलं काम थांबवलं, बोटं माझ्यावर ठेवली आणि ते ऐकू लागले. मीसुद्धा सरसावलो. पण फोनच बोलला. आधी ऐकून वाईट वाटलं म्हणाला, मग बुंध्याशी पाणी साचतंय का ते बघायला सांगितलं.

"बघा दिनाभाऊ, सगळं ऐकून घेतो बिचारा," मावशी म्हणाल्या आणि झेरॉक्स घेऊन गेल्यासुद्धा.

"कळते आता मशिनला गोष्ट," काका पुटपुटले. ऐकायला मी एकटाच होतो.

मग त्यांनी माझ्यावर टाइप करायला सुरुवात केली. 'लतिकाला जाऊन अकरा महिने झाले. चहा अजून दोघांचाच होतो. तिचा कप थोडा वेळ समोर ठेवतो, मग ओतून देतो.' स्वतःबद्दल इतकं त्यांनी माझ्यावर कधीच लिहिलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगतील सगळं.

काका थांबले. त्यांनी एकेक अक्षर खोडलं आणि मोजून तीन शब्द लिहिले, 'चहा प्रमाण एकासाठी'.

उत्तर आलं. काकांनी ते झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर उतरवून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण आगाशीला आलात तर दुकानात या आणि कसे आहात म्हणून काकांना विचारा. ते तीन शब्दांत उत्तर देतील. तेवढ्यावर निघून जाऊ नका.