जावेच्या डिशवॉशरला माझी दृष्ट

धाकट्या जावेच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी एवढी गर्दी, की मुंगीला वाट मिळेना. शेजारणी, त्यांच्या लेकी, वरच्या मजल्यावरचा शिंपी, दवाखान्यातली नर्स, सगळे माना उंचावून उभे. मध्ये जावेचा नवाकोरा डिशवॉशर, आणि त्याच्यापुढे डोळे मिटून बसलेले स्पर्शबाबा.

डिशवॉशर तीन दिवस मेल्यासारखा पडला होता. दिरानं त्याच प्लगला मिक्सर लावून बघितला. मिक्सर गरगरा फिरला, म्हणजे वीज येत होती. फ्यूज शाबूत होता. नळ उघडा होता. दार चारदा उघडून खाडकन लावून झालं. चालूचं बटण तर घरातल्या प्रत्येकानं आपापल्या बोटानं दाबलं, जणू दुसऱ्याच्या बोटात खोट होती. यंत्र ढिम्म. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, तेव्हा कुणीतरी बाबांना घेऊन आलं.

"यंत्रालाही प्राण असतो, ताई," बाबा जावेला म्हणाले. "तो आत कोंडलाय. घुसमटतोय बिचारा."

मग त्यांनी बटणांच्या पट्टीच्या उजव्या कोपऱ्यावर तळहात टेकवला आणि काहीतरी पुटपुटले. लोकांना मंत्र ऐकू आला, मला त्यांच्या घशात माशी अडकल्यासारखं वाटलं. त्यांनी हात काढला, चालूचं बटण दाबलं, आणि टिंग! दिवे लागले, आत पाण्याची खळखळ सुरू झाली.

"हात आहे की जादूची कांडी!" शिंपी ओरडला. जाऊ तर रडायलाच लागली.

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? कुणाला ताप आला, कुणाची सून रुसली, तर आजवर माणसं माझ्या दारात यायची. धाकटीच्या दारात कुत्रं फिरकत नव्हतं. आणि आता एका बंद पडलेल्या पेटीपायी अख्खी गल्ली तिच्या ओट्याला टेकून उभी! ते यंत्र आलं त्या दिवसापासून तिचे हात मऊ झाले होते, आणि ती ते सगळ्यांना दाखवत फिरत होती.

"आज हा उठला," बाबा म्हणाले, "पण दृष्ट अजून उतरली नाही. आणि ती बाहेरची नाही, ताई. घरातलीच आहे. वयानं मोठी. जिच्या हातातली घासणी अजून सुटली नाही."

सगळ्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"यंत्राचं काय, बिघडलं तर दुरुस्त होईल," बाबा आणखी हळू आवाजात म्हणाले. "लहान लेकरू असेल तर तेवढं जपा."

लेकरू माझ्याच मांडीवर होतं. माझा नातू, आठ महिन्यांचा. माझी सून गर्दीतून पुढे आली. "द्या आई, त्याची झोपायची वेळ झाली." पोर टक्क जागं, माझं बोट धरून बसलेलं. तिनं ते एकेक बोट सोडवलं.

त्यानंतर नातू माझ्याकडे आला नाही. एकाच घरात राहतो आम्ही, मध्ये एक दार. मी विचारलं की सून म्हणायची, "झोपलाय, आई." आणि आतून पोराच्या खिदळण्याचा आवाज यायचा. मुलाला म्हटलं, तर तो म्हणाला, "आई, थोडे दिवस जाऊ दे. रविवारी बाबा परत येणारेत, ते सांगतील तसं करू." म्हणजे माझ्या नातवाला मी घ्यावं की नाही, हे तो माशी गिळलेला माणूस ठरवणार!

पातेलं घासता घासता मी विचार करत होते. मी त्या यंत्राला केलं तरी काय होतं? बघितलं होतं. बरं, नुसतं बघितलं नव्हतं. ते बंद पडलं त्याच दिवशी, जाऊ चहा आणायला वळली, तेव्हा त्याची चकाकी खरी की वरवरची, म्हणून मी अंगठ्यानं रगडून बघितलं होतं. चांगलं जोर लावून. जरा रंग उडाला असता तर जीव गार झाला असता. उडाला नाही. कुठे रगडलं होतं? उजव्या कोपऱ्यात.

आणि बाबांचा हात कुठे होता?

दुसऱ्या दिवशी यंत्रांच्या दुकानात गेले. जावेच्यासारख्याच डिशवॉशरपुढे घ्यायचं आहे असं तोंड करून उभी राहिले. मी काही शिकायला आलेय हे तिथल्या विकणाऱ्या पोरीला कशाला कळू देऊ?

"हा कोपरा कशाचा गं?"

"ते कुलूप, आजी. घरात नातवंडं बटणं दाबत बसतात ना, म्हणून. तीन सेकंद दाबून धरलं की लागतं, मग कुठलंच बटण दाद देत नाही."

"चालूचंसुद्धा?"

"चालूचंसुद्धा. परत तीन सेकंद धरलं की सुटतं. लागलेलं असलं की इथे किल्लीचं चित्र उजळतं, बघा."

मोहरीएवढा दिवा. मला अक्षरं जोडून वाचायला वेळ लागतो, पण किल्ली मला कळते. जावेकडे एवढी शिकलेली माणसं, पुस्तिकेची प्लास्टिकची पिशवीसुद्धा कुणी फोडली नव्हती.

परत येताना मात्र मी लांबचा रस्ता धरला. हे सांगायचं म्हणजे ते रगडणंही सांगावं लागणार, तेही धाकटीसमोर. गप्प बसावं तर अब्रू थोडी झाकली राहील, पण दार बंदच राहील.

रविवारी गर्दी दुप्पट. बाबांनी झोळीतून दृष्ट उतरवायच्या चकत्या काढल्या, प्रत्येक घरच्या यंत्रावर चिकटवायला; काहींनी तर पैसे मोजून घेतल्याही. त्यांनी हात वर केला तशी मी पुढे झाले.

"थांबा बाबा. माझी नजर वाईट म्हणता ना? मग आता सगळ्यांसमोर लावते."

"जाऊबाई, नका हो!" जाऊ यंत्राला आडवी झाली.

"सरक गं. बघू दे नीट."

यंत्र चालू होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मनापासून जळले. जावेचे मऊ हात आठवले, तिची गर्दी आठवली, काही म्हणून राखून ठेवलं नाही. नर्सनं घड्याळ लावलं. पूर्ण पाच मिनिटं. यंत्र आपलं खळखळतंय.

"आता हे बघा. त्या दिवशी मी हाच कोपरा अंगठ्यानं रगडला होता." मी कोपऱ्यावर अंगठा टेकवला. एक, दोन, तीन. किल्ली उजळली. यंत्राची शेवटची फेरी उरली होती, ती होऊ दिली, आणि ते थांबल्यावर शिंप्याला म्हटलं, "दाब बटण." त्यानं दाबलं. दिरानं दाबलं. ढिम्म.

"अगदी तस्संच!" दीर म्हणाला.

"बाबा, सोडवा बघू. पण हात न लावता. मंत्र तुमचाच म्हणा."

"माई, स्पर्शाशिवाय ऊर्जा—"

"ऊर्जा राहू दे. नर्सबाई, तुम्ही लावा अंगठा. तोंड मिटून."

एक, दोन, तीन. टिंग. कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं स्वयंपाकघर हसलं. बाबा चकत्या गोळा करू लागले. नर्सनं त्यांना दारातच अडवून आधी दिलेल्या चकत्यांचे पैसे परत करायला लावले.

जाऊ माझ्याकडे बघत होती. "म्हणजे त्या दिवशी कुलूप तुम्हीच लावलंत? कोपरा रगडलात कशाला?"

"रंग उडतो का बघत होते."

"का?"

"जळत होते म्हणून. अजूनही जळते. काय करशील?"

ती हसू दाबत म्हणाली, "मला विचारलं असतंत, तर मीच दाखवलं असतं कुठे रगडायचं ते."

सून मागे दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि नातवाला माझ्या कडेवर दिलं. त्यानं लगेच माझं नाक ओढलं.

मी जळकी आहे, हे आता गल्लीला ठाऊक आहे. बोला खुशाल. पण बायांनो, जळण्यानं माझं पोट दुखतं, तुमचं यंत्र बंद पडत नाही. डोळ्यातून वीज जात असती तर बिल कशाला भरलं असतं? यंत्र अडलं तर प्लग बघा, दार बघा, पुस्तिका उघडा, वाचता येत नसेल तर येणाऱ्याला विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. एखाद्या म्हातारीच्या मांडीवरून पोर उचलण्याआधी तेवढं तरी कराच.