लहानसाच होता तो शार्क

स्टिकर पिवळा होता, गोल, आणि त्यावर ‘पाहुणे’ असं छापलं होतं. स्वेटरच्या लोकरीवर तो धड बसत नव्हता, एका कडेने सारखा उचलला जात होता, जणू त्यालाच ते पटलेलं नव्हतं. मर्लने तो अंगठ्याने दाबला. ज्या गावात आपण जन्मलो, एकोणीस वर्षं काढली, ज्याच्या धक्क्यावरून दोनदा समुद्रात पडलो — एकदा घसरून, एकदा मुद्दाम — तिथे पाहुणे... पण तक्रार कुणाकडे करणार? तीन पिढ्या दफनभूमीत गेल्याशिवाय पोर्ट लोरिमरमध्ये माणसाला गावचं म्हणत नाहीत, आणि मध्येच कुणी उठून अ‍ॅडलेडला राहायला गेलं, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

“दिसेल असा लावा हं,” ग्लेनिस म्हणाली. ग्लेनिस म्हणजे संग्रहालयाची स्वयंसेविका. डोक्याला झालरीची टोपी, अंगात दीडशे वर्षांपूर्वीच्या धाटणीचा झगा, पायांत धावायचे बूट.

“तुम्ही गावच्याच का?” मर्लने विचारलं.

“छे हो. एकतीसच वर्षं झाली मला.”

संग्रहालय होतं जुन्या जकात कचेरीत. पुढच्या खोलीत कुणा जुन्या कप्तानाची तसबीर होती, तिच्याखाली काचेची पेटी, आणि पेटीत, खास सोडलेल्या दिव्याखाली — ती. भाचीने फोनवर फोटो दाखवला होता, त्यामुळे मर्लला माहीत होतं. चार तास बसमध्ये बसून ती आली होती ती यासाठीच. खाली चिठ्ठी होती : ‘देवमाशांच्या शिकारी होडीचं वल्हं, सुमारे १८४५. पातं झिजून गेलेलं. मुठीजवळ शार्कच्या दातांच्या खुणा. टोकाला होडीच्या निळ्या रंगाचे अवशेष. डफील्ड कुटुंबाकडून भेट.’

आईची धुण्याची काठी होती ती. हॉटेलच्या मागच्या पत्र्याच्या खोपटात तांब्याच्या मोठ्या हंड्यात हॉटेलच्या चादरी उकळायच्या, आणि आई ही काठी घालून त्या ढवळायची, पिळा देऊन उचलायची, निळीच्या पाण्यात सोडायची — टोकाला तो निळा रंग, होडीचा म्हणे. आणि दातांच्या खुणा... मर्ल चार वर्षांची असताना तिच्या टाचेत माशाचा गळ रुतला होता, तेव्हा आईने काठी दातांत दिली होती. “चाव. ओरडू नकोस, हॉटेलात माणसं झोपलीत.” आणि गळ ओढून काढला होता. हॉटेलच्या पुढच्या दाराने आई उभ्या जन्मात आत गेली नाही. गावाच्या लेखी तिला नाव नव्हतं, ती ‘धुणंवाली’ होती. तर आता त्या चिठ्ठीवर तिचं नाव यायला हवं, एवढंच मर्लला हवं होतं. अगदी एवढंच. बसमध्ये तिने सगळं भाषण घोकलं होतं, फक्त एक गोष्ट वगळून.

ती वगळलेली गोष्ट अशी, की ते शार्कचं प्रकरण गावाने रचलेलं नव्हतंच. नऊ वर्षांची होते मी. हॉटेलवाल्यांची कॉलीन डफील्ड, पांढरेशुभ्र मोजे घालून (ते मोजेही आईनेच धुतलेले), खोपटाच्या दारात उभी राहून म्हणाली, “हे काय गं तुमचं?” आणि मी म्हटलं, आजोबांचं वल्हं. देवमासे मारायचे ते. शार्कने चावलंय बघ... आणि मागे वळले, तर वाफेतून आई बाहेर आलेली, बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत लाल. तिने सगळं ऐकलं होतं. तिने काठी पाहिली, मला पाहिलं, आणि कॉलीनला शांतपणे सांगितलं, “लहानसाच होता तो शार्क. पण सोडेना.” आणि आत गेली. त्यानंतर बराच वेळ आतून ढवळण्याचा आवाज आला नाही. रडत होती — असं मर्लने त्या दुपारी ठरवलं, आणि अडुसष्ट वर्षं ते तसंच ठेवून दिलं.

“पाच दिवस ही माणसं भर समुद्रात,” ग्लेनिस आता सांगत होती. ऐकणारा एकच होता : कीथ, बायकोला बेकरीत सोडून आलेला, आखूड चड्डीतला एक प्रवासी. “आणि पाचव्या दिवशी तो राक्षस वर आला. बोटं फिरवून बघा इथे, काचेवरूनच. केवढा जबडा.”

“चार वर्षांचा,” मर्ल म्हणाली.

दोघंही वळले.

“ते वल्हं नाही. धुण्याची काठी आहे. माझ्या आईची.”

“शार्कने चावलेली धुण्याची काठी?” कीथ म्हणाला.

“शार्क मीच.”

ग्लेनिसने टोपीच्या नाड्या सारख्या केल्या. “बारा वर्षं सांगतेय बाई मी हे. डफील्ड मंडळींनी स्वतः लिहून दिलंय. कॉलीनबाईंना लहानपणी प्रत्यक्ष सांगितलं होतं, त्या घरातल्याच माणसाने.”

“हो ना. मीच सांगितलं.” आणि मग, भाषणात नसलेलं ते : “खोटं सांगितलं. आई धुणी धुते याची लाज वाटायची मला.”

झालं. बाहेर पडलं. मर्ल वाट बघत राहिली, की आता काहीतरी कोसळेल — पण कोसळायच्या ऐवजी छातीत काहीतरी फुगत, वर चढत चाललं होतं. एका नऊ वर्षांच्या पोरीची थाप या गावाने रोज पुसली, काचेत ठेवली, तिच्यावर दिवा सोडला, आणि शहाण्यासुरत्या माणसांनी तिच्यापुढे टोप्या काढल्या... इतकं यश कप्तानालाही मिळालं नसेल.

ग्लेनिसने झग्याच्या खिशातून किल्ली काढली. पेटी उघडली, वाकली, आणि काठीच्या निळ्या टोकाचा वास घेतला. “नीळ,” अखेर ती म्हणाली, जरा पडलेल्या आवाजात. “माझी आजी वापरायची.” आणि मर्लपुढे पांढरे हातमोजे धरले. “हे घाला निदान.”

काठी आठवणीपेक्षा हलकी होती, पण हातांनी मर्लला विचारलं नाही. उजवा वर, डावा खाली. ढकल, पिळा दे, उचल... भर सकाळी जकात कचेरीच्या मधोमध सत्त्याहत्तर वर्षांची बाई हवेत चादरी ढवळत होती, आणि कीथ खरोखरच वाफ लागल्यासारखा मागे सरकला.

“बाई,” तो म्हणाला, “धुताच आहात तर माझे दोन शर्ट घालू का?”

मर्ल हसली. पोटातून, खांदे गदगदून — आणि काठी थांबली. तिने पुन्हा ढकलून पाहिलं. हातांत जोरच नव्हता. हसता हसता ढवळता येत नाही... हे तिला कुणी कसं सांगितलं नव्हतं? माणूस थांबतो. बराच वेळ थांबतो. बाहेर दारात दोन पोरी उभ्या असतील तर तोंड दाबून थांबतो...

“फॉर्म भरावा लागेल,” ग्लेनिस म्हणत होती. “पुढच्या मंगळवारी कमिटी बसते. घरून काही खायला करून आणायचं असतं. गेल्या खेपेला एकांना दीपगृहाचं साल बदलायचं होतं. त्यांची लिंबाची वडी कोरडी झाली. नामंजूर झालं.”

मर्लने पेन घेतलं. वस्तू कोणाची : आयव्ही ऑगस्टा पेंगिली, धुणंवाली. मूळ माहिती कोणी दिली : तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं, आणि समोर कंसात, अक्षर नीट काढून, ‘शार्क’.

निघताना स्वेटरवर स्टिकर नव्हता. तो आता तसबिरीतल्या कप्तानाच्या कोटावर होता, काचेवर छान चिकटला होता.

समोरच्या पाइनच्या झाडांखाली बाकावर बसून ती बसची वाट बघू लागली. कमिटीचं काय होईल ते होवो. वडीत लोणी जास्त घालायचं. आणि आई त्या दुपारी हसली की रडली... कोण सांगणार आता? कदाचित आधी एक, मग दुसरं. मर्लने जिभेने दात चाचपले — आता सगळे विकतचे — आणि तरी त्या जुन्या लाकडाची चव अजून तिथे होती, खारट, जराशी साबणाची. लहानसाच होता तो, आई, पण बघ, अजून सोडेना.