मुकादमाचा श्वास

काकांच्या बाइंडिंगच्या दुकानात आता चष्मे विकतात. तरी त्या बाजूने गेले की मला अजून खळीचा वास येतो. तिथे पानं दुमडायला मी, शिवायला काकू, पुठ्ठा चढवायला काका आणि कागद कापायच्या यंत्रावर बसून आम्हा तिघांवर डोळे वटारायला एक करडा बोका. त्याला सगळे मुकादम म्हणत.

"काम ना धाम, नुसती देखरेख," काका कुरकुरायचे आणि जेवताना माशाचा मधला तुकडा त्याच्यासाठी वेगळा काढायचे.

एका दुपारी गल्लीत कोणीतरी गाडी मागे घेतली आणि मुकादम चाक आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. चालत आत आला, टेबलाखाली दबकून बसला. रक्ताचा थेंब नव्हता. काकांच्या जिवात जीव आला.

"बरगडी हलली असेल. बांधली की बसेल."

मोडलेल्या वस्तूवर आमच्या धंद्यात एकच इलाज होता. पाठ सुटलेलं पुस्तक आवळावं तशी त्यांनी कापडाची पट्टी त्याच्या छातीपोटावर गच्च आवळली आणि आपली ती न सुटणारी गाठ मारली. मुकादम तोंड उघडून श्वास घेऊ लागला.

"बघ, जांभया देतोय. आता झोपेल."

"अशा लागोपाठ जांभया येतात होय?" म्हणत काकूने जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या सांगतील ते ती मोठ्याने आम्हाला सांगू लागली.

"हिरड्या बघ म्हणतात."

मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या कोऱ्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"आतून मार बसलाय. अहो, आधी ती पट्टी काढा! छाती फुगायला जागाच नाही त्याला."

काकांकडूनही गाठ सुटेना. एरवी वीतभर चिंधीही जपून ठेवणाऱ्या काकांनी कात्री घेतली आणि पट्टी उभी कापली.

"घोटभर पाणी पाजू का?" काकांनी विचारलं.

"काहीही पाजायचं नाही. घरातली गोळी नाही, पोट चोळणं नाही. तो बसलाय तसाच फळीवर घ्या, अंगावर उबदार काहीतरी टाका आणि लगेच आणा."

फळीवरून ओली पुस्तकं न हलवता नेण्यात काकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काकूची शाल पांघरलेला मुकादम त्यांनी तसाच टॅक्सीत नेला. मांडीवर फळी, नजर त्याच्या कुशीवर.

"अहो, तुम्ही तरी श्वास घ्या," काकू म्हणाली.

डॉक्टरबाईंनी त्याला प्राणवायू लावला, छातीचा फोटो काढला. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटून आतडी वर सरकली होती. ऑपरेशनला पर्याय नव्हता.

"पट्टी कोणी बांधली होती?"

"मी."

"घट्ट?"

"माझी घट्टच असते," काका म्हणाले. त्यांचा आवाज मला तेव्हा ओळखू आला नाही.

बाई आत गेल्या. आम्ही बाकावर बसून राहिलो. काका एकदाच बोलले, "सांगितलं असतं ना कोणी, आवळू नको म्हणून..."

दुसऱ्या दिवशी आम्हाला पिंजऱ्यापाशी जाऊ दिलं. मुकादमाचं पोट भादरलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. काकांनी जाळीतून एक बोट आत घातलं. त्याने मान वळवली, कान मागे टाकले आणि त्यांच्यावर असा लांबलचक फिस्कारला की काकू दोन पावलं मागे सरली.

काका जागचे हलले नाहीत. बाहीने नाक पुसत म्हणाले, "ऐकलंस? केवढा दम आहे बघ."