मुंगीच्या घराची मापे

दोन खाटा, एक टेबल, एक धड खुर्ची, एक पाठ मोडलेली खुर्ची, पुस्तकांची पाच खोकी, चार भिंती आणि एकही खिळा नाही. मित्रांनो, मी त्या भाड्याच्या खोलीत आलो तेव्हा एवढेच सामान होते. मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे, मापाचा. पोलादी, पिवळा, पाच मीटर लांब.

कारखान्यात माझ्या अंगावर पाच हजार रेघा छापल्या गेल्या आणि टोकाला एक आकडी बसवली गेली. ही आकडी किंचित हलते. लोकांना तो दोष वाटतो, पण ती मुद्दाम तशी ठेवतात. भिंतीला टेकवली की ती स्वतःच्या जाडीइतकी आत सरकते, फळीला अडकवली की तेवढीच बाहेर येते. म्हणून दोन्हीकडे माप खरे येते.

माझा पहिला मालक सुतार होता. बारा वर्षे मी त्याच्या कमरेला होतो. "मी चुकेन, पण हा पठ्ठ्या चुकायचा नाही," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. मग त्याने लाल ठिपका टाकून अंतर मोजणारे यंत्र घेतले आणि मी पेटीच्या तळाशी गेलो. दोन वर्षे मला कोणी उलगडले नाही. शेवटी विद्यापीठात शिकणारी त्याची भाची सुट्टीवरून परत निघाली, तेव्हा मामाने मला तिच्या पिशवीत टाकले.

भाची चणीने लहान आणि सतत काहीतरी वाहून नेणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. ती रसायनशास्त्र शिकत होती. खोलीत तिच्यासोबत बडबडी नावाने ओळखली जाणारी मैत्रीण राहत असे. तिचे तोंड फक्त झोपेत मिटायचे, तेही नेहमी नाही. तीन वर्षांत दोघींची ही तिसरी खोली. भिंतीला खिळा मारायचा नाही, हा घरमालकाचा पहिला नियम. महिन्यातून एकदा तो यायचा आणि ताप पाहावा तसा भिंतींवरून हात फिरवून जायचा.

एके दिवशी त्याने ही खोलीही सोडायला सांगितली.

"आता बस झालं," मुंगी म्हणाली. "आपण घर विकत घेऊ. विद्यार्थ्यांनी घर घेऊ नये असा नियम आहे का कुठे?"

"नियम नाही गं बाई, पैसे नाहीत."

"आईच्या नोकरीवर कर्ज मिळतंय. मी माझी शिष्यवृत्ती घालते, तू भाडं देतेस तेवढंच दे. कोणाच्या तरी घरात जातंच आहे, ते आपल्या घरात जाऊ दे."

"आपल्या?"

"आपल्याच! नाहीतर दर वर्षी तू एकीकडे, मी एकीकडे. मला नाही जमायचं ते."

दलाल हसला. "विद्यार्थी घर घेत नाहीत हो, सोडतात," तो म्हणाला. पण मुंगीची आई परिचारिका होती आणि तीस वर्षे पेशंटची नाटके पाहिलेली ती बाई दलालाला पुरून उरली. धोबीखान्याच्या मागे, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर मुंगीचे झाले.

माझे ते सर्वात कौतुकाचे दिवस. मुंगीने खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, फ्रिजचे कप्पेसुद्धा मोजले. बडबडीची खोली सव्वा चौरस मीटरने लहान निघाली, तेव्हा तिचा वाटा त्याच प्रमाणात कमी केला. सगळे एका कागदावर नीट लिहून तिने तो फ्रिजवर चिकटवला. मैत्रिणीवर तसूभरही अन्याय होऊ नये, एवढेच तिच्या मनात होते.

बडबडीने कागद वाचला. "अगं, बादली राहिली की मोजायची!"

दोघी पोट धरून हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून बडबडी आपले दूध आपल्याच कप्प्यात ठेवू लागली आणि खिडकी उघडण्यापूर्वी विचारू लागली.

मग एका रविवारी सकाळी ठकठक ऐकू आली. बडबडी आजीने दिलेला आरसा टांगत होती. तीन वर्षे तो खोक्यातच होता. मुंगी कणकेच्या हातांनी धावत आली.

"थांब, थांब! आधी विचारायचं होतंस ना. आत वायर असते."

"वायर पलीकडून गेलीय. मी बघितलंय."

"तरी पण... भिंत आहे ती."

आणि मुंगीने हात पुसून खिळ्याभोवती भिंतीवरून फिरवला. बडबडीने खिळा उपसून तिच्या तळहातावर ठेवला. "चुकलं, घरमालकीणबाई." या वेळी कोणी हसले नाही.

पुढे घर शांत झाले. एवढी शांतता मी पेटीच्या तळाशीही ऐकली नव्हती. महिनाअखेर बडबडीने वसतिगृहात जागा मिळवली.

"तिथे चौघींत एक खिडकी आहे," ती सामान बांधत म्हणाली. "पण ती कोणाचीच नाही."

"तू हवे तेवढे खिळे मार गं. मी काही म्हणणार नाही."

"हेच तर. परवानगी देतेयस तू."

बोलताना तिचा आवाज अगदी हळू होता. मुंगीने तिची खोकी जिन्यावरून खाली नेऊन दिली आणि रिक्षा वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली.

मित्रांनो, मला ओले असताना गुंडाळू नका. काम झाल्यावर मला सटकन सोडू नका, हळूहळू आत घ्या. आणि जिथे माणसे एकमेकांसोबत राहायला आलेली असतात, तिथे मला जरा कमी बाहेर काढा. मी सांगतो ते खरे असते. फ्रिजवरच्या त्या कागदावरचेही सगळे खरेच होते.

हप्ता भरायचा तर रिकाम्या खोलीत कोणीतरी हवे होते. जाहिरातीसाठी मुंगीने खोली मोजायला घेतली. एरवी बडबडी धरायची ती माझी आकडी तिने खुर्चीच्या पायाखाली दाबून ठेवली. ती दोनदा निसटली. मग प्रयोगशाळेतल्या सवयीप्रमाणे तिने तीन वेळा माप घेतले. तीन मीटर सोळा. तीन मीटर एकोणीस. तीन मीटर सोळा. खोलीची सरासरी लांबी, तीन मीटर सतरा सेंटिमीटर.