माळ्यावर बसलेली हवा

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय हो. सोडून जाते कुठे?"

चाकाआड वाकलेल्या मिस्त्रींनी निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा सोडायची छोटी तोटी, सैल केला. वर गाडीत बसलेल्या मिस्त्रीणबाईंच्या पायाखाली पेडल खाली गेलं, नळीतून तेल बाटलीत उतरलं, निपल पुन्हा आवळला गेला. "सोड." ही चौथी फेरी. बाटलीत औषधालाही बुडबुडा नव्हता, आणि पेडल मात्र भिजलेल्या उशीसारखं मऊ.

मिस्त्रीणबाईंना गाडी चालवता येत नव्हती. पण लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्याने एका गाडीत बसवून "दाब" म्हटलं, आणि तेव्हापासून चाळीस वर्षं गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांचे ब्रेक त्यांच्या पायाखालून गेले होते. ब्रेकमधली हवा काढायला माणसं दोन लागतात, एक खाली आणि एक वर. वरचा पाय यांचा. तो इतका तयार झाला होता की पेडलवरून मुंगी गेली, तर ती जेवून निघालीय की उपाशी, तेही सांगेल. एका ट्रकवाल्याला त्या म्हणाल्या होत्या, "मागच्या डाव्या चाकात हवा आहे, आणि तुमच्या बुटात खडा." आता ट्रकवाल्याच्या बुटातला खडा यांच्या पायाला कसा कळला, ते विचारू नका. दोन्ही निघाले. तो खडा त्याने अजून जपून ठेवलाय म्हणे.

आजची गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, लेकीची होती. लेक नर्स झाली होती. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात तिला आज पाचच्या आत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. आणि पलीकडे उतरायला बावीस वळणं. भंगारातली ही गाडी मिस्त्रींनी तीन महिने खपून तिच्यासाठी उभी केली होती. काल ब्रेकचं तेल बदललं. तेवढ्यावर हौस भागेना, म्हणून पुढच्या दोन चाकांचे कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटीत धरणारे ते लोखंडी जबडे, उतरवून घासले, लालचुटुक रंगवले, वाळायला दोरीवर टांगले आणि आज सकाळी परत बसवले. चाकाआड कोण बघणार होतं? पण बापाची हौस.

"बाबा, बारा वाजले," लेक म्हणाली.

मिस्त्री कंबर धरत उठले. "निघ तू. दोनदा दाबलं की धरतोय."

"दोनदा?" मिस्त्रीणबाईंचा आवाज चढला.

कट्ट्यावर बसलेले शेजारचे ड्रायव्हरकाका, बसवरून निवृत्त झालेले, लगेच मध्ये पडले. "अहो वहिनी, मी तीस वर्षं बस हाकली. कित्येकदा तीनदा दाबून थांबवलीय."

"म्हणूनच तुमच्या बसमधून माणसं कानाला खडा लावून उतरायची."

मिस्त्रीणबाईंनी गाडीची चावी काढली आणि मुठीत आवळली. "पोरगी या गाडीतून जाणार नाही."

"आई, ही नोकरी गेली तर दुसरी मिळायला तीन वर्षं लागतील गं!"

"अगं, चारचारदा हवा काढली," मिस्त्री म्हणाले. "पेडलमागचा मास्टर सिलेंडर गेला असणार, तेल ढकलणारा. तो काही आज मिळायचा नाही."

"हवाच आहे. पुढच्या चाकांत. दोन्हीकडे."

"बाटलीत बघ ना! एक बुडबुडा नाही. तुझ्या पायाला भास होतोय आज."

चाळीस वर्षांत असं ते पहिल्यांदाच बोलले. मिस्त्रीणबाई गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि थेट चाकापाशी जमिनीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्या कधी खाली आल्याच नव्हत्या. त्यांची जागा वरची.

लाल जबडा त्यांनी खालून वरून न्याहाळला. मग पलीकडे जाऊन दुसरा.

"अहो, हे निपल नेहमी असेच जमिनीकडे तोंड करून असतात?"

"म्हणजे?"

"तेलात बुडबुडा असला की तो वर जातो का खाली?"

"वर."

"मग तुम्ही त्याला खालच्या दाराने कसा हाकलताय? तेल बिचारं दार उघडलं की बाहेर पडतंय. हवा बसलीय माळ्यावर, पाय पसरून."

मिस्त्री वाकले. बघत राहिले. काल दोरीवर शेजारी शेजारी वाळत टांगलेले दोन लाल जबडे आठवले, दोघेही जुळ्या भावांसारखे. ड्रायव्हरकाकांनी मान पुढे काढली होती. मिस्त्रींना पुटपुटून भागवता आलं असतं. पण ते सरळ उभे राहिले आणि कट्ट्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "डावा उजवीकडे बसवला मी. उजवा डावीकडे. म्हणून निपल खाली गेले. चूक माझी, आणि हिचा पाय बरोबर."

जबड्यांची अदलाबदल झाली, निपल वर आले. "दाब," "धर," आणि नळीतून हवा अशी फसफसत निघाली की रस्त्यापलीकडची मांजर उठून चालती झाली. शेवटच्या फेरीला पेडल थोडं खाली गेलं आणि भिंतीला टेकल्यासारखं थांबलं. मिस्त्रीणबाईंनी अख्खं वजन टाकलं. हललं नाही.

त्यांनी मूठ उघडली. चावीचे दात तळहातावर उमटले होते.

दोन वाजता लेक निघाली. गल्लीच्या उतारावर तिने एकदा ब्रेक दाबून बघितला. गाडी जागच्या जागी उभी. "बापरे!" ड्रायव्हरकाका म्हणाले. "अशी बस मला कुणी दिली असती तर!"

पावणेपाचला फोन आला. "आई, हजर झाले. सही केली. एकदाच दाबलं की थांबते गं."

"सावकाश जेव," एवढंच बोलून मिस्त्रीणबाईंनी फोन ठेवला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. गॅरेजात पाठीची अशी एकच खुर्ची, ती गिऱ्हाइकांसाठी. गिऱ्हाईक सवयीने तिच्याकडे वळलं.

"तिकडे कट्ट्यावर बसा साहेब," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी खुर्ची फडक्याने पुसली, एकदा मागून, एकदा पुढून. मग आत गेले, स्वतः चहा केला आणि कपबशी घेऊन बाहेर आले. मिस्त्रीणबाई खुर्चीत बसल्या. पाठ टेकवली. पाय सैल सोडले.

"साखर कमी पडलीय," त्या म्हणाल्या.

मिस्त्री साखरेचा डबा आणायला गेले.